फाशीगार, फौजदार आणि दुरावलेले घर : मराठवाड्यातील गुन्हेकथेच्या पूर्वेतिहासाचा एक विचार

१

पोलीस अधिकारी आणि त्याचे दुरावलेले कुटुंब हा विषय आज गुन्हेकथेत इतका रूढ झाला आहे की, तो कोठून आला, याची चौकशी करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कर्तव्याच्या पाठीमागे धावणारा अधिकारी, घरी वाट पाहून थकलेली पत्नी, बापाला परका झालेला मुलगा आणि शेवटी ज्या गुन्हेगाराचा माग काढला तो आपल्याच रक्ताचा किंवा आपल्याच प्रेमाचा निघणे, हा साचा प्रामुख्याने फ्रेंच वाङ्मयाने घडविला, असे मानण्याची प्रथा आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. तथापि याच विषयाचा एक धागा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनमध्ये, विशेषतः निजामाच्या मराठी मुलखात, विणला गेला होता, आणि तो येथून युरोपात जाऊन पोहोचला, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. कथेतील हे दुरावलेले घर निव्वळ कल्पनेतून आलेले नव्हते. तपासाची जी पद्धत त्या काळी रुजली, तिने घर हाच पुरावा, घर हेच ओलीस आणि घर हीच शिक्षा ठरविली. या पद्धतीची छाया लातूर परिसरातील एका वस्तीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पडलेली होती. म्हणून हा प्रश्न केवळ वाङ्मयाच्या इतिहासाचा राहत नाही. तो प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाचा होतो.

२

प्रथम फ्रेंच परंपरेचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. युजेन फ्रांस्वा विदोक हा स्वतः तुरुंगवास भोगलेला मनुष्य. १८१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये गुन्हेशोधक पथकाची जी उभारणी झाली, तिचा तो प्रमुख होता, आणि त्याने हाताशी धरलेली माणसेही पुष्कळशी पूर्वीचे कैदीच होती. चोर पकडण्यास चोरच हवा, हे तत्त्व त्याने शासनाच्या गळी उतरविले. १८२८-२९ मध्ये त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींनी युरोपातील वाचकांना प्रथमच गुन्हेगारी जग आतून दाखविले. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ मधील ‘ले मिझेराब्ल’ या कादंबरीतील जाव्हेर हा पोलीस अधिकारी तर तुरुंगातच जन्मलेला आहे. त्याची आई भविष्य सांगणारी आणि बाप सक्तमजुरीचा कैदी. समाजाच्या बाहेर असलेल्या माणसास दोनच वाटा मोकळ्या असतात, समाजावर हल्ला करण्याची किंवा त्याची राखण करण्याची, असे मनाशी ठरवून तो दुसरी वाट पत्करतो. त्याची सारी कठोरता आपल्या जन्मघराचा नकार करण्यातून आलेली आहे.

१८६६ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या एमिल गाबोरिओच्या ‘लेरूज प्रकरणा’त हाच विषय उलट्या बाजूने येतो. ताबारे नावाचा हौशी शोधक एका खुनाचा माग काढीत जातो. आपल्याच घरात भाड्याने राहणारा ज्याच्यावर त्याने पुत्रवत प्रेम केले, तोच तरुण अखेरीस खुनी निघतो. पुढील काळात फ्रेंच गुन्हेकथेत, आणि तिच्या अनुकरणाने अन्यत्र, पोलिसाच्या घरगुती शोकांतिकेचा जो पूर आला, त्याचे उगम या दोन कृतींत स्पष्ट दिसतात. तपास पूर्ण होतो त्याच क्षणी घर मोडते, हे त्याचे सूत्र होय.

परंतु या दोन्ही कृतींच्या आधी, १८३९ मध्ये, लंडनमध्ये एक कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली होती. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ हे तिचे नाव, आणि फिलिप मेडोज टेलर हा तिचा लेखक. त्याने पोलीस म्हणून जो मुलूख पाहिला, त्यात तुळजापूरचा परिसर होता. पुढे ज्या नळदुर्ग जिल्ह्याचा त्याने कारभार केला, त्याचेच नंतर उस्मानाबाद झाले, आणि १९८२ मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला.

३

टेलरचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूल येथे झाला. पंधराव्या वर्षी तो मुंबईतील एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी आला. तो व्यापार बुडीत निघाल्यामुळे १८२४ मध्ये एका नातलगाच्या खटपटीने त्याला निजामाच्या लष्करी नोकरीत जागा मिळाली आणि तो औरंगाबादेस दाखल झाला. घर त्याला त्या वयातच सुटले. कंपनीच्या अधिकाऱ्यांहून त्याची स्थिती वेगळी होती. तो निजामाचा नोकर होता, आणि त्यामुळे त्याच्या वाट्यास लोकांच्या अधिक जवळ जाण्याचा योग आला.

त्या काळी निजामाच्या राज्यात चार्ल्स मेटकाफ या रेसिडेंटने जिल्ह्यांवर युरोपीय देखरेख अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू केलेली होती. या व्यवस्थेत विशीच्या उंबरठ्यावरील टेलरकडे राज्याच्या नैर्ऋत्य भागातील पोलिसांचे सहायक अधीक्षकपद आले. १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आल्यावर त्याने हे परके अधिकारी परत घेण्याची मागणी केली आणि टेलरला पुन्हा पलटणीत जावे लागले. पुढे आत्मवृत्तात त्याने याची खंत नोंदविली आहे. वाटेवर सापडणारी बेवारस प्रेते, कोणाचाच तपास न लागणे, मेळ्यामेळ्याने फिरणारे संशयास्पद प्रवासी, या खुणा त्याला दिसू लागल्या होत्या. आपण त्या कामावरून हललो नसतो, तर ठगीचा उलगडा आपल्या हातून झाला असता, असे त्याला आयुष्यभर वाटत राहिले.

या खुणा दिसण्यास तत्कालीन परिस्थितीही कारण होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली. पेंढाऱ्यांचा मोड झाला, लहानमोठ्या सरदारांच्या फौजा विसर्जित झाल्या, आणि शस्त्रावर पोट असलेला मोठा वर्ग एकाएकी निराधार झाला. रस्त्यांवरील रहदारी मात्र थांबलेली नव्हती. सावकारांचा पैसा, शिपायांचा रजेचा पगार, व्यापाऱ्यांचा माल आणि यात्रेकरूंच्या टोळ्या ही सर्व पायीच चालत. उत्तर हिंदुस्थानातून बऱ्हाणपूरमार्गे दख्खनेत उतरणारी वाट नांदेडला गोदावरीकाठी येई, हे १७०८ मधील बहादूरशहाच्या स्वारीवरून दिसतेच. त्याच स्वारीबरोबर गुरू गोविंदसिंग नांदेडला आले आणि तेथेच त्यांचे निर्वाण झाले. महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने नांदेडच्या सचखंड हुजूरसाहिबाचे बांधकाम १८३२ ते १८३७ या वर्षांत झाले. ठगीविरुद्धची मोहीम दख्खनेत जोरात होती तीच ही वर्षे. पंजाबातून नांदेडपर्यंत येणाऱ्या कारागिरांना आणि भाविकांना शेकडो कोसांची वाट तुडवावी लागत होती. घरून निघालेला मनुष्य महिनोन्‌महिने परतला नाही, तरी त्यात कोणास आश्चर्य वाटत नसे. तो वाटेत मारला गेला, की आजाराने गेला, की परमुलखात रमला, हे घरच्यांना कळण्याचा मार्गच नसे. दुरावलेले घर हा त्या काळच्या प्रवासाचाच एक नित्य परिणाम होता, आणि फाशीगाराचे सर्व कसब या अनिश्चिततेवर उभे होते.

४

ठगीच्या तपासाची यंत्रणा विल्यम स्लीमन याने मध्य हिंदुस्थानात उभी केली. १८३५ मध्ये तो या खात्याचा सर्वाधिकारी अधीक्षक झाला. निजामाच्या राज्यात हे काम कॅप्टन रेनॉल्ड्सकडे होते. या यंत्रणेचा पाया माफीचा साक्षीदार हा होता. पकडलेल्या ठगास जीवदान द्यावयाचे, त्याच्याकडून साथीदारांची नावे, खुनांची स्थळे आणि पुरलेल्या प्रेतांच्या जागा वदवून घ्यावयाच्या, आणि त्या जबानीच्या आधारे दुसऱ्यास पकडावयाचे, अशी ही साखळी होती. विदोकने पॅरिसमध्ये जे केले, त्याचाच हा हिंदी अवतार होता, असे वरवर पाहता म्हणता येईल. परंतु एक महत्त्वाचा फरक आहे. विदोकचा कैदी एकटा होता. स्लीमनचा साक्षीदार कुटुंबासह हिशेबात धरला गेला.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फिरंगिया नावाच्या प्रसिद्ध म्होरक्याची अटक. तो शोध पथकाच्या हातून निसटला, तेव्हा त्याची आई, पत्नी आणि मूल यांना ताब्यात घेण्यात आले. घरच्या माणसांना सोडून तो फार दूर जाणार नाही, असा स्लीमनचा अंदाज होता, आणि तो बरोबर ठरला. १८३० च्या अखेरीस फिरंगिया सापडला व माफीचा साक्षीदार झाला. त्याच्या जबानीने मोहिमेला खरी गती आली. येथे तपासाचे साधन कोणते होते, हे नीट पाहिले पाहिजे. शस्त्र नव्हे, माग काढणारा पगी नव्हे, तर एका गुन्हेगाराची आपल्या घराविषयीची माया हे ते साधन होते. जो मनुष्य दुसऱ्यांची घरे उद्ध्वस्त करीत आला, त्याच्यातील गृहस्थ शिल्लक होता, म्हणूनच तो सापडला.

१८३६ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झालेल्या ‘रामसीआना’ या ग्रंथात स्लीमनने ठगांची सांकेतिक भाषा, त्यांचे शकुन आणि जबान्या यांबरोबर त्यांच्या घराण्यांच्या वंशावळीही दिल्या. ठगी हा पिढीजात धंदा आहे, बापाकडून मुलाकडे तो येतो, या सिद्धांताला वंशावळ हे दृश्य रूप होते. त्याच वर्षीच्या तिसाव्या कायद्याने एखाद्या विशिष्ट खुनाचा पुरावा नसला, तरी ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाल्यास जन्मठेपेची तरतूद केली. कृत्याऐवजी संबंध हा गुन्हा ठरला. तथापि संबंध कशाने सिद्ध व्हावयाचा? माफीच्या साक्षीदाराच्या ओळखीने, आणि पुष्कळदा नात्याने. १८३७-३८ च्या सुमारास जबलपूर येथे साक्षीदारांच्या मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. तेथे तंबू आणि गालिचे विणण्याचे काम शिकविले जाई. या मुलांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता. बापाचा धंदा त्यांच्या रक्तात आहे, एवढाच त्यांच्यावरील आरोप होता.

अलीकडील इतिहासकारांनी या सिद्धांताची कठोर तपासणी केली आहे. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मधील लेखात ठगीकडे तत्कालीन लूटमारीच्या आणि स्थानिक सत्तास्पर्धेच्या संदर्भात पाहिले. राधिका सिंघा यांनी १९९८ मधील ग्रंथात कंपनीच्या कायद्याने ‘गुन्हेगार समूह’ ही कल्पना कशी घडविली, हे दाखविले. किम वॅग्नर यांनी २००७ मध्ये असे मत मांडले की, ठगी ही निव्वळ इंग्रजांची कल्पना नव्हती, वाटमारीचा तो खरा प्रकार होता, परंतु धर्मबद्ध आणि वंशपरंपरागत पंथ हे त्याला दिलेले रूप अतिरंजित होते. जमीनदारांचे पाठबळ, बेकार शिपाई, हंगामापुरते टोळीत शिरणारे शेतकरी यांचे पुरावे खुद्द जबान्यांतच सापडतात. या विवेचनाने वंशावळीचे महत्त्व कमी होत नाही. उलट ती वस्तुस्थितीचे वर्णन नसून शासनाच्या दृष्टीचे चित्र होते, हे ध्यानात येते.

५

टेलर १८२९ मध्ये पोलीस कामावरून हलला असला, तरी हा विषय त्याच्या मनातून गेला नव्हता. हैदराबादेत जबान्या नोंदविण्याचे काम वाढले, तेव्हा त्यात त्याने स्वेच्छेने भाग घेतला. दिवसामागून दिवस त्याने खुनांची वर्णने ऐकली व लिहून घेतली. पुढे रजेवर इंग्लंडला गेला असता त्याने ती सामग्री कादंबरीच्या रूपात आणली. प्रस्तावनेत त्याने आपला नायक वास्तवातील एका साक्षीदारावर बेतला असल्याचे सांगून त्याच्या नावावरील खुनांचा आकडा ७१९ असा दिला आहे.

कादंबरीची रचना पोलिसी जबानीची आहे. अमीर अली नावाचा माफीचा साक्षीदार एका अनाम साहेबापुढे आपले आयुष्य उलगडतो. साहेब अधूनमधून एखादा प्रश्न विचारतो आणि एरवी गप्प बसतो. ही जबानी कशाविषयी आहे, हा प्रश्न विचारला की, वाचक सहसा ‘खुनांविषयी’ असे उत्तर देईल. वस्तुतः ती एका घराविषयी आहे. अमीर अली जन्माने ठग नाही. तो लहान असताना आईबापांबरोबर प्रवास करीत होता. टोळीने आईबापांना मारले, आणि इस्माईल या म्होरक्याने त्या मुलाला वाचवून स्वतःचा म्हणून वाढविले. ज्याने बापाला मारले, त्यालाच मुलगा बाप म्हणू लागतो. मुलाच्या मनात त्या दिवसाची धूसर आठवण तेवढी उरते. पुढे अमीर अली स्वतः संसार करतो. पत्नीवर त्याचे प्रेम आहे, परंतु आपला धंदा तो तिला कळू देत नाही. घरात तो सभ्य गृहस्थ आहे, रस्त्यावर फाशीगार. शेवटी एका मोहिमेत तो एका स्त्रीचा गळा आवळतो. तिच्या गळ्यातील एका जुन्या खुणेवरून त्याला उमगते की, ती त्याची सख्खी बहीण होती. आईबाप मारले गेले, तेव्हा ती मागे घरीच राहिली होती.

या ठिकाणी टेलरच्या कादंबरीचा आणि स्लीमनच्या वंशावळीचा विरोध उघड होतो. पोलीस म्हणून टेलरने वंशपरंपरेचा सिद्धांत स्वीकारला होता, आणि कादंबरीत त्याचे समर्थन करणारी वाक्येही आहेत. परंतु त्याने निवडलेली कथा त्या सिद्धांताला छेद देते. हिंदुस्थानातील सर्वांत प्रसिद्ध काल्पनिक ठग हा रक्ताने ठग नाही, तो संगोपनाने ठग झाला आहे. रक्ताचे नाते येथे गुन्हा शिकवीत नाही. ते ओळखले न गेल्यामुळे सर्वांत भयंकर गुन्हा घडतो. अधिकाऱ्याने जे सिद्ध करावयाचे होते, त्याच्या उलट कथाकाराने लिहिले. पोलिसाच्या दप्तरात न मावणारी गोष्ट त्याच पोलिसाच्या कादंबरीत मावली, हे या कृतीचे ऐतिहासिक मूल्य होय.

अनाम साहेबाचे मौनही विचारात घेण्यासारखे आहे. त्याला नाव नाही, घर नाही, पत्नी नाही. गुन्हेगाराचे घर तपशिलाने उभे राहते आणि ऐकणाऱ्याचे घर पूर्णपणे अदृश्य राहते. टेलरच्या स्वतःच्या आयुष्याशी हे जुळवून पाहता येते. १८३२ मध्ये त्याचे लग्न हैदराबादेतील सावकार विल्यम पामर यांच्या मेरी या मुलीशी झाले. पामर यांचे वडील इंग्रज सेनाधिकारी आणि आई हिंदी मुसलमान घराण्यातील होती. इंग्रजी समाजात या घराण्याचे स्थान संदिग्ध होते. १८४१ पासून टेलर सुरपूर संस्थानच्या कारभारात गुंतला. पत्नी लवकर वारली, आणि दोन मुली इंग्लंडमध्ये वाढल्या. टेलर नोकरीसाठी एकाकी राहिला. १८७६ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मांतों येथे त्याचा मृत्यू झाला. ‘स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मवृत्त पुढील वर्षी त्याच्या अ‍ॅलिस या कन्येने संपादून प्रसिद्ध केले. बापाच्या सहवासाची बहुतेक वर्षे जिला लाभली नाहीत, त्या मुलीच्या हातून त्याचे आयुष्य वाचकांपर्यंत आले. आत्मवृत्तात सुरपूर, नळदुर्ग, तलाव, रस्ते, शिकार आणि खटले यांस भरपूर जागा आहे. घर मात्र अंगचोरपणे वावरते.

१८५३ च्या तहाने नळदुर्ग, रायचूर दुआब आणि वऱ्हाड हे प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात आले, तेव्हा टेलर नळदुर्गचा कारभारी म्हणून पुन्हा आपल्या तरुणपणच्या मुलखात परतला. १८५७ मध्ये त्याची वऱ्हाडात बदली झाली आणि १८६० च्या तहाने नळदुर्ग निजामाकडे परत गेले. या वास्तव्याचे फळ म्हणजे १८६३ मधील ‘तारा’ ही कादंबरी. अफझलखानाच्या स्वारीच्या काळातील तुळजापुरात ती घडते. एका शास्त्र्याची बालविधवा कन्या घरापासून तुटते, हा तिचाही गाभा आहे. गुन्हा असो वा इतिहास, टेलरच्या लेखणीला या प्रदेशात वारंवार सापडत राहिली ती घरापासून तुटलेली माणसे.

६

येथून हा धागा युरोपात कसा गेला, हे थोडक्यात पाहता येईल. १८४४-४५ मध्ये पॅरिसच्या ‘ले कॉन्स्टिट्यूशनेल’ या पत्रातून युजेन स्यूची ‘ल ज्विफ एरां’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती. तीत फिरंगिया याच नावाचा, गळे आवळणाऱ्यांच्या पंथातील एक हिंदी पात्र आहे. त्या कादंबरीचा विषयही जगभर विखुरलेल्या एका कुटुंबाचा वारसा हाच आहे. १८४७ मध्ये जोसेफ मेरी याने ‘ला गेर द्यु निझाम’, म्हणजे ‘निजामाचे युद्ध’, या नावाची कादंबरी लिहिली. या फ्रेंच कृतींत दख्खन हे केवळ एक गूढ, भयप्रद नेपथ्य झाले. फाशीगाराचा रुमाल राहिला, त्याचे घर गळून पडले. टेलरने ज्या गोष्टीला मध्यवर्ती स्थान दिले होते, ती हरवली. फ्रेंच लेखकांना दुरावलेले घर हवे होते, परंतु ते त्यांनी आपल्या पॅरिसमध्येच शोधले, आणि जाव्हेर व ताबारे यांच्या रूपाने ते पोलिसाच्या अंगणात आणून ठेवले. टेलरच्या साहेबाचे जे मौन होते, त्याला त्यांनी वाचा फोडली, असेही म्हणता येईल.

दख्खनेत मात्र इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ठगीच्या मोहिमेत जी कल्पना एका टोळीपुरती वापरली गेली, ती आता समूहांना लागू झाली. माणसाचे नाव जन्मापासून पोलिसांच्या नोंदवहीत चढावे, त्याने हजेरी द्यावी, गाव सोडताना परवानगी घ्यावी, अशी व्यवस्था निर्माण झाली. ठगी आणि दरोडे खाते १९०४ मध्ये बंद होऊन त्याच्या जागी गुप्तवार्ता खाते आले, पण वंशावळीची कल्पना बंद झाली नाही. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि त्याखाली नोंदलेल्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. लातूर व नांदेड हे भाग त्या वेळी हैदराबाद राज्यात होते. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. कागदावरील शिक्का पुसला गेला, ठाण्यातील सवय मात्र तेवढ्या लवकर पुसली गेली नाही.

७

या सवयीचा आतून लिहिलेला पुरावा लातूरजवळच्या धनेगावातून आला. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. लेखकाचा जन्म १९५२ चा, म्हणजे कायदा रद्द झाला त्याच वर्षीचा. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या समाजातील हे कुटुंब आहे. या पुस्तकात पोलीस घरात येतो तो पाहुणा म्हणून नव्हे, फिर्याद घेण्यासाठीही नव्हे. घरातील पुरुष हाती लागला नाही, तर उरलेल्या माणसांकडून, स्त्रियांकडूनसुद्धा, त्याचा पत्ता काढण्यासाठी तो येतो. झडती, मारहाण आणि चिरीमिरी ही तेथील दैनंदिन व्यवहाराची अंगे आहेत. एका मुलाला शाळेत घालणे ही साधी गोष्टही या घरात साऱ्या जातीच्या रोषाचा विषय होते.

फिरंगियाच्या आईला आणि पत्नीला ताब्यात घेतल्याची १८३० ची घटना आणि धनेगावच्या वस्तीतील झडत्या यांत सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. फिरंगिया हा खुनी टोळीचा म्होरक्या होता. गायकवाडांच्या वस्तीतील माणसे दारिद्र्याने उचलेगिरीस लागलेली होती. या दोहोंची तुलना गुन्ह्याच्या बाबतीत मुळीच होऊ शकत नाही. तुलना आहे ती तपासाच्या रीतीची. दोन्हीकडे घर हे पोलिसाच्या दृष्टीने कुटुंब राहत नाही. ते गुन्हेगारापर्यंत पोहोचण्याचा जिना होते. जबलपूरच्या उद्योगशाळेतील मुलगा आणि धनेगावच्या शाळेत गेलेला मुलगा या दोघांपुढेही प्रश्न एकच होता : बापाचे नाव सांगून माणसाला स्वतःचे आयुष्य सुरू करता येते काय? पहिल्या मुलाचे उत्तर कोणी लिहून ठेवले नाही. दुसऱ्याने ते स्वतः मराठीत लिहिले.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ हीसुद्धा प्रथमपुरुषी कथा आहे, आणि ‘उचल्या’ हेही प्रथमपुरुषी कथन आहे. परंतु अमीर अलीचा ‘मी’ साहेबाने लिहून घेतलेला आहे. तो जीव वाचविण्यासाठी बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याचा उपयोग दुसऱ्या कोणास तरी पकडण्यासाठी व्हावयाचा आहे. गायकवाडांचा ‘मी’ कोणापुढे जबानी देत नाही. तो साक्ष देतो, आणि ती साक्ष कोणाला अडकविण्यासाठी नसून आपल्या माणसांना सोडविण्यासाठी आहे. जबानी आणि आत्मकथन यांतील हे अंतर म्हणजेच दख्खनेतील गुन्हेकथेने या दीर्घ काळात कापलेली वाट होय.

८

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पोलीस आणि दुरावलेले घर हा विषय फ्रेंच गुन्हेकथेने परिपक्व केला असला, तरी त्याचे एक आरंभस्थान निजामाच्या मराठी मुलखातील पोलिसी अनुभवात आहे, आणि मराठी गुन्हेकथेचा इतिहास लिहिताना ते वगळणे योग्य नाही. दुसरा असा की, टेलरची कादंबरी ही वंशपरंपरागत गुन्हेगारीच्या सिद्धांताची साक्ष म्हणून आजवर वाचली गेली, पण तिची कथावस्तू त्या सिद्धांताचे खंडन करते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने लेखकाच्या विधानांइतकेच त्याच्या कथेकडेही लक्ष दिले पाहिजे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, गुन्हा हा रक्तातून येतो की परिस्थितीतून, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. त्याच्या एका उत्तरावर कायदे झाले, नोंदवह्या झाल्या आणि कित्येक पिढ्यांच्या घरांची दारे रात्री-अपरात्री ठोठावली गेली.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील जुनी ठाणी, त्यांची दप्तरे, पोलीस पाटलांच्या नोंदी आणि विमुक्त समाजातील वृद्धांच्या आठवणी या दृष्टीने एकत्र वाचल्या गेल्या पाहिजेत. दप्तरात गुन्हेगाराचे नाव, वय आणि बापाचे नाव सापडेल. त्या रात्री घरात मागे कोण राहिले, हे मात्र आठवणीतच सापडेल. आठवणी सांगणारी माणसे दप्तराइतकी टिकत नाहीत. म्हणून यांतील दुसरे काम आधी हाती घेणे अगत्याचे आहे.